न मागितलेला पाना

आमच्या बेटावर आपल्या माणसाने तोंड उघडून एखादी वस्तू मागितली, की नाही म्हणायचं नसतं. या मागण्याला आम्ही बुबुती म्हणतो. देणाऱ्याचं घर रिकामं झालं तरी चालतं, नकाराची लाज मात्र नातवंडांपर्यंत पुरते. म्हणून बारानिको मास्तरांची शाळा सुरू झाली तेव्हा चर्चच्या पाळकांनी शाळेची सगळी हत्यारं, हातोड्या-करवती, वेदीपुढे मांडायला लावली, प्रार्थना केली आणि सांगितलं, की ही आता प्रभूची, यांची बुबुती करू नका. कुणी केली नाही.

शाळा म्हणजे किनाऱ्यावरची पत्र्याची शेड. होडीची इंजिनं, सौरदिवे, बर्फाची यंत्रं दुरुस्त करायला तिथे शिकवायचे. मास्तरांचा पगार आणि सुटे भाग परदेशातली एक संस्था पुरवायची. सरकारकडे विचारलं, तर राजधानीहून उत्तर यायचं की आधी लहान मुलांच्या शाळांची छपरं. तेही खोटं नव्हतं.

माझ्या वारलेल्या बहिणीची मुलगी रोतिया पहिलं वर्ष पार करून बसली होती. दुसरं झालं, की मासळीच्या सोसायटीत बर्फाच्या यंत्रावर तिची नोकरी ठरलेली. म्हातारे तेबुआई तिला चिडवायचे, "तू इंजिनं खोल, नवरा पोरं सांभाळेल."

"चालेल की आजोबा," ती म्हणायची. "खडकाळ पाण्यात तुमची होडी बंद पडली, की त्यालाच हाक मारा."

तेबुआई हसून हसून खोकायचे.

त्या वर्षी संस्थेच्या बाई स्वतः आल्या. स्वभावाने गोड. शेडमध्ये बसून त्यांनी मास्तरांना सांगितलं की पैसे नाताळपर्यंतच आहेत, नंतर दुसऱ्या बेटांची पाळी. मास्तर मान हलवत राहिले. त्यांच्याने उलट बोलवेना.

संध्याकाळी सभागृहात जेवण होतं. बाईंना फुलांचा मुकुट घातला, सगळ्यांत मोठा कंद त्यांच्या पानात वाढला. मग तेबुआई उठले. एरवी थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी हात जोडल्यासारखे पुढे धरून म्हणाले, "पोरी, आता तू आमच्यातली. मी तुझ्याकडे बुबुती करतो. या मुलांची शाळा ठेव."

बाईंचे डोळे भरून आले. "तुम्हाला नाही कसं म्हणू, आजोबा?" त्या म्हणाल्या.

झालं. आमच्या लेखी तिथेच काम झालं. कुणी कागद मागितला नाही, मागणं म्हणजे अपमानच. दुसऱ्या आठवड्यात पोरांनी शेडला नवी पडवी बांधली. रोतिया तळहात फुटेस्तोवर झावळ्या विणत होती.

नाताळ गेला. बोट आली ती तांदूळ आणि साखर घेऊन, सुटे भाग नाहीत. मग बाईंचा निरोप आला, की संस्थेच्या समितीने मानलं नाही, त्यांना फार वाईट वाटतं. बेटावर कुणी शिवी दिली नाही. "बिचारीला तोंड दाखवायला जागा उरली नसेल," एवढंच बायका बोलल्या. तेबुआई सभागृहातली आपली जागा सोडून दाराशी बसू लागले. माझ्या बुधवारच्या उपासाच्या प्रार्थनेत मी बाईंचंही नाव घेऊ लागले.

पगार नाही, मुलं नाहीत, म्हणजे शाळा नाही. पाळकांनी एका रविवारी जड आवाजात सांगितलं, की प्रभूने हत्यारं मोकळी केली. सोमवारी पहिला माणूस आला, हातोडा मागायला. घराचा खांब ठोकायचा होता, गरज खरी होती. मास्तरांनी दिला. मग करवत, मग पकड, मग मुलं ज्यावर शिकायची ते इंजिन, त्याच्या भागांसाठी. पावसाळा उलटायच्या आत शेड धुतल्यासारखी रिकामी झाली.

मी रोतियाला म्हटलं, "अगं, तूही माग. सगळ्यांआधी तुझा हक्क होता."

ती गाठोडं बांधत राहिली. तिचं राजधानीला जायचं ठरलं होतं, दूरच्या चुलत्याकडे, त्यांची मुलं सांभाळायला.

बोटीच्या दिवशी आम्ही निरोपाला शेडवर गेलो. मास्तर उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर एकच पाना, त्यांच्या वडिलांनी जहाजावरच्या नोकरीतून आणलेला. तो शाळेचा कधीच नव्हता. आता त्याच्यावरच त्यांचं पोट होतं, कुणाची होडी अडली की तेवढाच आधार. तरी त्यांनी तो तेल लावून चकचकीत पुसला होता. तिच्याकडे बघत ते थांबले. तिने तोंड उघडायचा अवकाश, पाना तिचा होता.

रोतियाने पान्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"मास्तर, तहान लागलीय," ती म्हणाली. "थोडं पाणी द्याल?"

त्यांनी आतून करवंटीत पाणी आणलं. ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, करवंटी त्यांच्या हातात परत दिली आणि धक्क्याकडे चालू लागली.

मी मागे वळून पाहिलं. मास्तर पुन्हा उंबऱ्यावर बसून पाना पुसत होते.