नाचऱ्या माशाला गंगेचं पाणी

माझ्या प्राणिशास्त्राच्या पदवीत समुद्राचा बराच भाग होता, पण समुद्र नव्हता. माशाच्या कल्ल्यांची आकृती मी डोळे मिटून काढू शकत असे. प्रत्यक्षात मखमलाबादच्या आमच्या घरी समुद्रातून फक्त सुके बोंबील येत. तरी गंगापूर रोडवरच्या ज्या कॉलेजात मी तात्पुरता शिकवत होतो, तिथल्या प्राचार्यांनी "समुद्री माशांची टाकी जमेल का हो?" असं विचारलं, तेव्हा मी "सहज" म्हणालो. हा शब्द मला फार लवकर सुचतो.

साल १९८३. मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार होती. तिच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची की एप्रिलात संपायची, ते ठरणार होतं. मी रत्नागिरी गाठली. खडकातल्या डबक्यांत जाळं टाकणाऱ्या एका माणसाकडून काळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे दोन मासे घेतले आणि खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन एसटीत चढलो. कंडक्टरनं कॅनवर टिचकी मारली.

"रॉकेल?"

"समुद्र."

"मग मागच्या सीटवर बसा. भरती आली तर ड्रायव्हर भिजायला नको."

काही दिवसांत मासे रुळले, असं मी समजलो. ते तिरपे व्हायचे, टाकीतल्या दगडाला अंग घासत जायचे आणि झटका देऊन वर यायचे. पुन्हा तेच. "हे काय करतात?" असं प्राचार्यांनी विचारलं. मी म्हणालो, "प्रणयनृत्य." असं मी कुठंही वाचलेलं नव्हतं. दोन्ही नर आहेत की दोन्ही माद्या, हेही मला माहीत नव्हतं. पण प्राचार्य खूश झाले आणि त्यांनी टाकीवर पाटी लावली : 'नाचणारे समुद्री मासे'. चहाच्या सुट्टीत इतर विभागांतले लोक बघायला येऊ लागले. मी टाकीशेजारी उभा राहून हातवारे करत समजावून सांगे. मासे जितके जोरात घासत, तितका मी जोरात बोले.

समिती यायची त्या सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचा शिपाई भिकन मला दारातच भेटला.

"सर, एकाचा नाच थांबला."

तो तळाशी मरून आडवा पडला होता. दुसरा कोपऱ्यात, पंख मिटून, धापा टाकत होता. डोळ्यांवर साय आल्यासारखी दिसत होती. मी पंप तपासला, पाण्यात बोट घालून चव घेतली, पुस्तक उघडलं. माशांच्या परोपजीवींवर त्यात एक अख्खं प्रकरण होतं. ते मी दरवर्षी 'घरी वाचून या' म्हणून मुलांवर सोडत असे.

तेवढ्यात आई आली. ती दर सोमवारी बाजारात भाजी विकून, रामकुंडावर अंघोळ करून, देवासाठी नदीचं (आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात) लोटाभर पाणी घेऊन घरी परतायची. जाताना मला भाकरी देऊन जायची.

"काय रे देवा, तोंड का असं?"

"मासा मरतोय. त्याच्या मागोमाग नोकरी."

आईनं काचेला नाक लावलं. "लय हाल होत्यात त्याचे." मग तिनं लोट्यावरचं फडकं सोडलं. "गंगेचं पाणी हाय. जाताना तरी लागू दे त्याला."

"आई, तो खाऱ्या पाण्यातला आहे! गोड्या पाण्यात मरेल!"

"मग आता काय करतोय?"

मी पुन्हा पुस्तकाकडे वळलो, तोवर तिनं बेडूक कापायच्या ट्रेमध्ये लोटा ओतला आणि जाळीनं तो जिवंत मासा उचलून त्यात सोडला. भिकननं हात जोडले. मीही, का कोण जाणे, चपला काढल्या.

मासा तडफडला. मग त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले आणि तांदळाच्या कणीसारखे गळून ट्रेच्या तळाशी पडू लागले. खवले गळतायत, संपलं, असं मी ठरवलं. तेवढ्यात एक खवला वळवळला.

मी भिंग लावलं. तो चपटा किडा होता, मागच्या टोकाला चकती, चकतीत आकडे. माशाच्या अंगावर ते काचेसारखे पारदर्शक होते, म्हणून इतके दिवस कुणाला दिसले नव्हते. गोडं पाणी लागताच ते पांढरे पडून सुटत होते. म्हणजे इतके दिवस मी खाजेवर व्याख्यान देत होतो.

मासा घाईघाईनं पुन्हा टाकीत सोडला. थोड्या वेळानं तो दगडाआडून निघाला आणि सरळ पोहू लागला.

"वाचला वाटतं," आई म्हणाली. जरा नाराजच होती. देवाचं पाणी संपलं होतं.

दुपारी समिती आली. प्राचार्यांनी पाटीकडे हात केला. मासा शांतपणे इकडून तिकडे गेला आणि तिकडून इकडे आला.

"सर, सुरू करा ना," प्राचार्य माझ्या कानाशी लागले.

"आता नाही नाचणार तो."

"असं कसं? समिती आलीय!"

'लाजतोय' हा शब्द माझ्या अगदी जिभेवर आला होता. पण समितीतले जाड चष्म्याचे तज्ज्ञ ट्रेवर वाकून भिंगातून बघू लागले होते. मी खरं काय ते सांगितलं.

"उपचार तुमचा?" त्यांनी विचारलं.

"त्यांचाच," प्राचार्य म्हणाले. "आमच्याकडे संशोधन चालूच असतं."

मासा टिकतो का ते बघायला थांबलेली आई दाराशी स्टुलावर बसली होती, मांडीवर रिकामा लोटा. "आईचा," मी म्हणालो. "मी अडवत होतो."

तज्ज्ञ तिच्याकडे वळले. "बाई, तुम्हाला कसं कळलं हो?"

"कळतंय कशाचं? मी त्याला मरायला घातला व्हता."

तज्ज्ञांना हसून हसून चष्मा पुसावा लागला. "प्राचार्य, कायम कुणाला करायचं? यांना की यांच्या आईला?"

"मला नका बाबा," आई उठलीच. "माझी मेथी खुडायची राहिली हाय."

म्हणून मला केलं. प्राचार्यांनी पाटी काढली नाही. वर खडूनं 'पूर्वी' एवढा शब्द घातला.

किड्यांची अंडी टाकीत उरतात, त्यामुळे माशाला अधूनमधून अंघोळ घालावी लागे. त्यासाठी आई दर सोमवारी लोटा घेऊन यायची. नळालाही गंगापूर धरणाचं, म्हणजे गंगेचंच पाणी येतं, उगाच ओझं कशाला, असं मी एकदा तिला समजावून पाहिलं.

"मागल्या खेपेलाबी तू असंच कायतरी सांगत व्हतास," ती म्हणाली आणि लोटा ओतला.