बंद केलेले पंचवीस क्रमांकाचे पोर्ट

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे: माझ्या सर्व्हरवरून बारा पत्रे निघाली, एकही पोचले नाही.

चारठाण्याच्या आमच्या सामाईक विहिरीचे माझ्यासह बारा वाटेकरी आहेत. वीज केव्हा येणार ते पाहून रोजची पाण्याची पाळी मी ठरवतो आणि घरच्या संगणकावर चालणाऱ्या माझ्या मेल सर्व्हरवरून प्रत्येकाच्या फोनवर ईमेलने कळवतो. पूर्वी हे निरोप ग्रुपवर जात. कोणीतरी ते मागाहून पुसून टाकी आणि भांडण विहिरीवर येई. म्हणून सर्वांनी ठराव केला: पत्र हाच पुरावा, आणि वेळेवर हजर नसेल त्याचे पाणी पुढच्याला.

त्या दिवशी पहिली पाळी दैवशालेची होती. पत्र नाही, म्हणून ती आली नाही. पुढची पाळी महारुद्राची; तो विहिरीलगतच राहतो, म्हणून पत्राविनाही वीज येताच हजर होता. त्याने नियमाप्रमाणे पाणी आपल्या रानात वळवले.

“भावजी, माझा गहू ओंबीवर आलाय,” ती दारात येऊन म्हणाली. “तुमच्या मशीनला काय झालं?”

मशीन ठीक होते. पत्रे बाहेर पडण्याची वाट, म्हणजे पंचवीस क्रमांकाचे पोर्टच, इंटरनेट कंपनीने अडवले होते. आम्ही दोघे जिंतूरला इंटरनेट कंपनीच्या कार्यालयात गेलो.

“पंचवीस नंबरचं पोर्ट वरूनच बंद केलंय, काका,” तिथला गोपीचंद म्हणाला. “लोकांच्या मशीनीतून स्पॅम लय जायलं होतं. तुमी फुकटचं मेल वापरा की. सगळे तेच करायलेत.”

“स्पॅम अडवायला माझी हरकत नाही, न कळवता अडवायला आहे. विहीर आमची, पाळी आमची, मग निरोप परक्याच्या मर्जीने का जावा?”

“वर कळवतो. आठ दिवस लागतील.”

दैवशालेने खुर्ची ओढली. “कळवा. आमी बसलोत. आमाला पंधरा मिनिटं उशीर झाला तर पाणी जातंय, अन् तुमाला आठ दिवस व्हय?”

“मावशी, ऑफिस पाचला बंद होतंय.”

“तेबी न सांगता बंद करा. आमी आतच ऱ्हातो.”

साडेचारला गोपीचंदने फोन उचलला. मी लिहून दिले: एकच यंत्र, बाराच पत्ते, तक्रार आली तर खुशाल बंद करा. पावणेपाचला पोर्ट उघडले.

बुधवारची पहिली पाळी माझी होती. ती मी दैवशालेच्या नावे केली.

बुधवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे: निघाली बारा, पोचली बारा.