बसायची नव्हे, दाखवायची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. उभ्यानेच ऐका, कुणाला ‘बसा’ म्हणायचा अधिकार मला कधीच नव्हता.

सातपुड्याच्या सागाची मी. खापर गावच्या बाजारात डोंगरसिंग सुताराने मला घडवलं, वेताची बैठक विणली, आणि तिथून कोसभरावरच्या एका गावातल्या शाळेने मला घेतलं. शाळेत साठ मुलं आणि खुर्ची मी एकटी. मुलांना बसायला जमीन होती, हेडमास्तरांना गादी होती. मी वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या साहेबांसाठी राखीव. उरलेले दिवस मला नुसतं पुसायचे. एवढा मान फार थोड्या लाकडांच्या नशिबी येतो.

एकोणीसशे छत्तीस साली शाळेत इंग्रजी आलं. शिकवायला ट्रेनिंग कॉलेजातून पितांबर मास्तर आले. बाविशीचे, धानोऱ्याच्या शेतकऱ्याच्या घरातले पहिलेच शिकलेले. महिनाभर सराव करायचा आणि शेवटी परीक्षकांसमोर एक पाठ द्यायचा. त्या पाठावर सर्टिफिकेट, सर्टिफिकेटावर नोकरी.

त्यांच्या वहीत नियम होता: वस्तू दाखवावी, इंग्रजीच बोलावं, घरच्या भाषेतला शब्द काढू नये. शाळेत दाखवण्याजोगी वस्तू मीच. मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

“धिस इज अ चेअर.”

“धिसिजाचेअर!” वर्ग ओरडला.

आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मास्तरांनी विचारलं, “व्हॉट इज धिस?”

“व्हॉट इज धिस!” वर्गाने तेवढ्याच उत्साहाने विचारलं.

पडवीतून हेडमास्तर म्हणाले, “वा! आवाज छान लागतो हो मुलांचा.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दाराकडे बोट केलं, तेव्हा भिला नावाचा शेतकऱ्याचा मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “धिसिजाचेअर दरवाजा!” तेव्हा कुठे उलगडा झाला. आठ दिवसांत मुलं काहीच शिकली नव्हती, फक्त तोंडं उघडायला शिकली होती.

मास्तर माझ्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. मग हेडमास्तर घरी जेवायला गेलेत हे पाहून त्यांनी दार लोटलं आणि वही मिटली. अहिराणीत विचारलं, “पोरेहो, तुम्हना घर इले काय म्हंतस?”

मुलं दाराकडे बघू लागली. ज्या शाळेत ‘आहे’ऐवजी घरचं ‘शे’ म्हटलं की छडी बसते, तिथे मास्तरच असं बोलतोय? हा सापळाच असणार.

भिला हळूच म्हणाला, “खुर्ची म्हंतस. पन आमना घर नही शे.”

मारवाडी दुकानदाराचा नेमीचंद म्हणाला, “म्हे तो कुरसी कहवां.”

सोनी ही डोंगरातल्या भिल्ल पाड्यावरची मुलगी. ती तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. भिलाने सांगितलं, “ती म्हनस, तिन्हा घर अशी वस्तूच नही शे. कशी बसतस ते तिले माहीत नही.”

मास्तरांनी मला तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, “बठ मग. बठीसन देख.”

आणि सोनी बसली. पाय जमिनीला पुरेनात. माझ्या हातांना घट्ट धरून ती पडायची वाट पाहत होती. पडली नाही, तेव्हा खुदकन हसली. मास्तर म्हणाले, “आय सिट ऑन द चेअर.” ती तसंच म्हणाली. मग सगळ्यांच्या पाळ्या लागल्या. भिला बसला, नेमीचंद बसला. जो बसेल त्याने ‘आय’ म्हणायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणायचं. आठ दिवसांत जे झालं नव्हतं ते तासाभरात झालं. अर्थात, ही पद्धत वहीत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक साहेब आले आणि रीतीप्रमाणे माझ्यावरच बसले. दाखवायची वस्तू साहेबांखाली गेली. तरी मास्तरांनी पाठ रेटला. मुलं पटापट उत्तरं देत होती. साहेब खूश झाले. त्यांनी सोनीला इंग्रजीत विचारलं, “हू सिट्स ऑन द चेअर?”

अपेक्षित उत्तर समोर बसलेलं होतं. पण सोनीने खरं उत्तर दिलं.

“आय सिट ऑन द चेअर.”

हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. “पाठ केलेलं वाक्य दिसतंय. खरोखर बसवलं नाहीत ना हिला?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. धानोऱ्याला घरचे त्यांच्या नोकरीची वाट बघत होते. मी श्वास रोखला; लाकूड असले तरी.

“बसवलं, साहेब,” पितांबर मास्तर म्हणाले. “न बसवता म्हणवून घेतलं असतं, तर मी तिला खोटं बोलायला शिकवलं असतं.”

साहेब तत्काळ उठले. शेरा मात्र न्यायाने लिहिला: ‘मुलांचे इंग्रजी उत्तम. शिस्त नाही. पाठ अनुत्तीर्ण.’

मास्तर दुपारच्या गाडीने गेले. जाताना सोनीच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी त्यांनी पेन्सिल दाखवून पाठ दिला आणि पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले, असं ऐकलं. पेन्सिलीवर कुणाला बसवता येत नाही.

इकडे माझ्या शुद्धीसाठी हेडमास्तरांनी माझ्यावर चार घागरी पाणी ओतवलं. मी शुद्ध झाले आणि माझे सांधेही सुटले. वेत कुजला, एक पाय गेला.

सध्या मी शाळेच्या ओट्यावर असते, चौथ्या पायाच्या जागी विटा. आता माझ्यावर कुणीही बसतं, परवानगी लागत नाही. सोनी तर मांडी घालूनच बसते आणि धाकट्यांना ‘ही’, ‘शी’ शिकवते. निकामी झाल्यावरच मी उपयोगाला आले.

आत साहेबांसाठी नवी खुर्ची आलीय. नवे मास्तर रोज तिच्याकडे बोट दाखवतात आणि वर्ग दणदणीत ओरडतो. कुणी अजून तिला शिवलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर माझ्यासाठी एवढं करा: आत जा आणि एखाद्या पोराला तिच्यावर बसवा. नाहीतर ती बिचारी जन्मभर नुसतं वाक्यच राहील.