आबांच्या आवाजातल्या मेल

माझ्या भावाला मी चार महिने खोटं लिहिलं, आणि खोटं का सांगू, फार छान लिहिलं.

१९९९ साल. माझा थोरला भाऊ नामा दोन वर्षांपासून मस्कतला एका कंपनीच्या गोदामात होता, आणि मी टेंभी नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत दिवसभर बसायचे. गिऱ्हाइकांना कॉम्प्युटर सुरू करून द्यायचा, नेट लागलं नाही तर पुन्हा पुन्हा फोन जोडत राहायचं, हे माझं काम. मला आजीचं नाव ठेवलेलं, जनी. कॉलेजची पोरं ते ऐकून फिदीफिदी हसायची. मी त्यांचं नेट सगळ्यात शेवटी जोडून द्यायचे.

दर शनिवारी दुपारी माझे वडील चेंदणी कोळीवाड्यातून चालत कॅफेत यायचे. दामाजी त्यांचं नाव, आम्ही आबा म्हणायचो. दाराबाहेर चपला काढायचे, माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे आणि स्क्रीनकडे बघून मोठमोठ्याने बोलायचे, कारण मस्कत लांब आहे. सगळं आयुष्य खाडीत हाका मारण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज असा की मालक कपाळाला हात लावायचा. मी ते सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी करून टाइप करायचे.

आबा कायम मागचं सांगायचे. नामानं पकडलेला पहिला खेकडा आणि त्या खेकड्यानं पकडलेला नामा. त्याच्या आजोबांनी वल्ह्याला कोरलेला मासा. नामा कायम पुढचं लिहायचा. वरची खोली काढू, आबाला विमानात बसवू, जनीच्या लग्नात अख्खा कोळीवाडा जेवेल. मागचं वाचून तो गोदामाच्या ऑफिसात रडायचा, तसं कळवायचाही. पुढचं लिहिताना त्याच्या ओळी संपता संपत नसत. आजचं मात्र दोघांपैकी कुणीच लिहीत नव्हतं. आजच्या वाट्याला एकच ओळ, ‘बाकी सगळं ठीक.’ ती तर मी कुणाला न विचारताच टाइप करायचे.

त्याला आमच्या घरात कारणही होतं. पाण्यावर गेलेल्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही, ही आमची रीत. मन हललं की वल्ह्यावरचा हात चुकतो. नामा होडीवर कुठला, तो गोदामात खोकी रचत होता. पण मध्ये समुद्र आहे म्हणजे आईच्या लेखी तो पाण्यावरच होता.

एकच गोष्ट आबांनी मला कधी टाइप करू दिली नाही. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ देताना आमच्या घराचं एक गाऱ्हाणं म्हणायचे. लांबलचक. त्यात म्हणे सात पिढ्यांची नावं, कोण कुठल्या पाण्यात गेला, कुणाला खाडीनं परत आणून दिलं. ते बापानं थोरल्या मुलाला गुडघाभर पाण्यात उभं राहून तोंडानं द्यायचं. आम्ही बायका तेव्हा मागे, धक्क्यावर, गाण्यात दंग. आबांशिवाय ते येणारे एक काका होते, ते कधीच वारलेले. नामाला ते शिकायचं होतं, दर वर्षी राहून जायचं. मी एकदा म्हटलं, मेलवर पाठवून देऊ का? आबा असले भडकले!

“दर्याला काय मेल करतंस?”

मार्चमध्ये आबांचा आवाज बसला. खोकल्याचं औषध झालं, काढे झाले, शेवटी मोठी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात शनिवारी आबा आले ते आईला बरोबर घेऊन. पहिल्यांदाच ते कॅफेत हळू बोलले.

“जने, आज मागचा काय नको. लिही, आता ये. माझा गला काढतान. तुला तोंडानं द्यावाचा हाय, ता देऊन टाकतो.”

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आईनं माझं मनगट धरलं.

“पान्यावरच्या पोराला असा लिवतान? त्याचा काय बरंवाईट झाला तं?”

मी शिकलेली होते. मस्कतच्या गोदामात वल्हं नसतं, हे मला आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी माझी बोटं अडली. रीत मोडायची भीती वाटली, आणि नामा नोकरी टाकून धावत येईल, त्याच्या वरच्या खोलीचं, विमानाचं सगळं मोडेल, याचीही. मी लिहिलं की आबांना आज तू गाळात कमरेपर्यंत रुतला होतास तो दिवस आठवला. मग कसा ओढून काढला, तू कसा रडलास आणि एक चप्पल अजून खाडीतच कशी आहे. शेवटी लिहिलं, गाऱ्हाणं शिकायला कधी येतोस, आबा विचारतात. बाकी सगळं ठीक.

आबांनी बाहेरून खुणेनं विचारलं, गेली? मी मान हलवली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी ते कागदावर काढून घरी नेलं. आबांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, वाच. नामानं लिहिलं होतं, “आबा, नारळी पौर्णिमेला नक्की येतो. तेव्हा पाण्यात उभं करून शिकव. घाई कसली आहे?”

मी ते जसंच्या तसं वाचलं. तिथं मला तोंड उघडता आलं असतं. आबांना वाटत होतं, नामाला सगळं कळलंय, आणि कळूनही तो घाई कसली म्हणतोय. त्यांनी अंथरुणावर कूस बदलली. भिंतीकडे तोंड केलं. मी कागदाची घडी घालत बसले. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर आबा रुमाल बांधायला लागले. शनिवारी कॅफेत यायचे बंद झाले, आणि मेल मात्र जात राहिल्या. आता मी एकटीच आबा होते. आठवलं ते लिहिलं, नाही आठवलं ते रचलं. त्यांची थट्टा, त्यांच्या शिव्या, सगळं मला जमायचं. नामा लिहायचा, “आबा हल्ली किती बोलतो गं! वाचताना आवाज येतो.” वाचून मला अभिमान वाटायचा. लाज वाटायची ती नंतर, घरी आबांच्या ताटात मऊ भात कालवताना.

ऑगस्टमध्ये, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नामा आला. बॅग उंबऱ्यावर टाकून त्यानं हाक मारली, “आबा, मी आलो!” आणि उलट ओरडण्याची वाट बघत हसत उभा राहिला. आबा आतून आले, रुमाल बांधलेले. तोंड उघडलं. रुमालामागून नुसती हवा आली.

“काय मस्करी करतो?” नामा म्हणाला. मग त्यानं आईकडे बघितलं. “गला काढला त्यांचा,” आई म्हणाली.

त्यानं बॅगेतून सगळ्या मेलची फाइल काढली. त्यानं त्या जपून ठेवल्या होत्या. “ऑपरेशन कधी झालं?”

“एप्रिलमध्ये,” मी म्हटलं.

त्यानं गाळातली मेल काढली. “हे कोण बोललेलं?”

“मी.”

“मग आबा काय बोललेला?”

मी सांगितलं. आता ये, माझा गळा काढतायत, तोंडानं द्यायचंय. आबांच्या समोर सांगितलं. आबांनी नामाकडे बघितलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. पोरानं नकार दिला नव्हता तर. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पाण्यात उतरले. आबांनी नारळ धरला आणि ओठ हलवायला लागले. नामा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, जमेल तसं मोठ्यानं म्हणत होता. पहिली दोन नावं त्याला पकडता आली. तिसऱ्याला आबांनी मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. भरती चढत होती, मागचे लोक खोळंबले होते. आबांनी नारळ पाण्यात सोडला.

रात्री जेवण झाल्यावर नामा माझ्याजवळ येऊन बसला. टोमणा असेल म्हणून मी तयार होते, पण त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

“जने, ते गाऱ्हाणं तू लिहून दे ना. तुला आबाचा आवाज बरोब्बर जमतो.”

आबांची प्रत्येक गोष्ट मला पाठ होती. गाऱ्हाण्याच्या वेळी मात्र मी दर वर्षी मागे धक्क्यावर होते, गात होते. त्यातली एक ओळसुद्धा मी कधी ऐकली नव्हती.