सुकन्या पोथी वाचणार

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी मी आणि सून राजेश्वरी गाईंसाठी घास कापत होतो. बांधावरून आप्पासाहेब आले. डोळ्यावर दवाखान्याचा हिरवा चष्मा. चाळीस वर्षं मारुतीच्या पारावर हाच माणूस पोथी वाचतोय.

"साळूबाई, डॉक्टरनं डोळ्याला ताण द्यायचा न्हाई म्हनून सांगितलंय. उद्याचा अध्याय कुनी वाचायचा? मोठ्यांना शेतं हायेत आन पोरांना लाज वाटती."

"आमची सुकन्या वाचंल की," मी म्हणाले. "पाचवीत हाय. तिच्या त्या कंपूटरात रोज तारे पडत्यात. गोष्ट वाचाय लागली तर बसून ऐकावी."

राजेश्वरीचा विळा थांबला. "आत्या, पोथीचा टाईप येगळा असतो."

"टाईप येगळा आसंल, अक्षरं मराठीच हायेत ना? का तुझ्या म्हायेरावरनं आल्यात?"

ती पुन्हा घास कापू लागली. माझी नात पारावर बसणार म्हणून हिच्या पोटात दुखतंय, असं मला वाटलं. देव मला माफ करो.

मी स्वतः दुसरी पास. तिसरीला धाकटा भाऊ कडेवर आला आणि पाटी सुटली. पण सुकन्या चार वर्षांची होती तेव्हा ज्वारी निवडायचं सूप बाजूला सारून मी तिला पिठात अ-आ काढून दाखवायची. मग करोनात शाळा बंद पडल्या आणि माझ्या वैजनाथनं पाटीएवढा कंपूटर आणला. "आई, तू नको शिकवत बसू. तुझं जुनं हाय, पोरीचा गोंधळ हुतो." मी हात झटकले. लेक शिकलेला, त्याला जास्त कळतं. पुढं गोठ्याशेजारच्या ओट्यावरून आवाज यायचा. आधी कुणी गोड बाई बोलायची, मग तेच आमची सुकन्या बोलायची, एक शब्द इकडचा तिकडं नाही. डेअरीवर, दळणाच्या गिरणीत, हळदीकुंकवात, कुठं म्हणून मी सांगायचं ठेवलं नव्हतं.

सोमवारी दुपारी पार भरला. सुकन्याला नवा परकर, दोन वेण्या. आप्पासाहेबांनी धूप लावला, पोथी उघडून चौरंगावर ठेवली. "वाच, बाळा."

पोरीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि गप बसली. जरा वेळानं बोट दाबलं. मग उचलून दुसऱ्या शब्दावर ठेवलं आणि पुन्हा गप.

"पोथी पिकलीया का न्हाई दाबून बघती जनू," आमची शेजारीण सत्यशीला म्हणाली. बाया हसल्या.

मी वाकले. "सुके, वाच की."

ती माझ्या कानाशी लागली. "आज्जी, ह्ये बोलतच न्हाई."

"कोन बोलत न्हाई?"

"शब्द. कंपूटरवर बोट लावलं की बाई म्हनून दाखवती. मग मी म्हनते. मग तारा मिळतो."

मी मान वर केली. वैजनाथ पारामागं टेम्पोला टेकून चपलेचा चिखल काडीनं काढत होता. राजेश्वरीनं पदर तोंडावर ओढला होता. दोघांपैकी एकालाही नवल वाटलेलं नव्हतं.

"वैजनाथ, तुला ठावं हुतं?"

"आई, हितं नको."

"हितंच. कवापासनं?"

"तिसरीपासनं. शाळंतल्या बाईंनी बोलावून सांगितलं हुतं. म्हनलं, यील हळूहळू. तू गावभर सांगत हिंडत हुतीस, तुला कुनी सांगायचं?"

"आन मी शिकवत हुते ते बंद केलंस, त्ये?"

त्यानं हातातली काडी टाकून दिली. राजेश्वरीच बोलली. "त्यो कंपूटर हातात आसला की पोरगी जागची हालत न्हाई, आत्या. धारा काढून व्हत्यात, सैपाक व्हतो. आमीच दिला. तिचं काय चुकलं?"

दोन वर्षं माझ्याच चुलीवरची भाकरी खाऊन ही दोघं माझं गावभरचं कौतुक ऐकत होती. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि राखणदार म्हणून मी बांधावर मिरवत होते.

आप्पासाहेब खाकरले. "धूप लागलाय. आता अध्याय पुरा झाल्याबिगर पोथी मिटता यायची न्हाई."

"आना, मी वाचतो," वैजनाथ पुढं आला.

"तू ऱ्हा तितंच. तुझ्यावर भरवसा ठिवून झालाय."

मी पोथी मांडीवर ओढली. अक्षराखाली बोट धरलं आणि चालू केलं. जोडाक्षर आलं की ओढ्यात गाडी रुतावी तशी रुतायची, मागं यायची, पुन्हा ओढायची. तासाचा अध्याय, पण उन्हं कलली तरी निम्माच झाला. माणसं दोन-दोन करून उठत गेली. शेवटी आप्पासाहेब आणि पाच-सहा बाया उरल्या. त्यात सत्यशीलाही होती, आणि आता हसत नव्हती.

वैजनाथनं टेम्पो चालू केला. "आई, आवर. गाई हंबरत आसतील."

"तुमी दोघं जावा धारा काढाय. पोरगी माझ्यापाशी हाय, तुमच्या पायात यायची न्हाई."

टेम्पो गेला. सुकन्या माझ्या गुडघ्याला चिकटून खाली मान घालून बसली होती. मी तिला बोलले नाही, जवळही घेतलं नाही. त्या वेळी माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं, बोट तेवढं चालत होतं. बऱ्याच ओव्या झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, पोरीची नजर जमिनीवरून उठून त्या बोटाच्या मागं मागं चाललीय.

एका शब्दाशी मी अडले. ऊन उतरलं होतं, अक्षर पुसट झालेलं.

"व," सुकन्या हळूच म्हणाली. मग ओठ हलवून थांबली. "वला काना. वा. पुढं... ट."

"जोडून म्हन."

"वा...ट. वाट."

कुठं घंटी वाजली नाही की तारा पडला नाही. तिनं वर माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी शाबास म्हणाले नाही. तिचं बोट धरलं आणि पुढच्या शब्दाखाली ठेवलं.