उन्हात ठेवलेली काच

"माय, टेबलावरची डबी कुठंय?"

"डबी तितंच हाय की. आतलं तेवढं काढून उनात ठिवलं." तुळजाबाई भाकरी थापताना मान वर न करता म्हणाल्या. "डबीत कोंडून गेलास. चार्ज कसं व्हायचं ते?"

शिवमूर्ती सकाळची बॅच शिकवून नुकताच आला होता. सदऱ्याच्या बाहीवर अजून खडू होता. तो वळून गच्चीवर आला.

कोपऱ्यात पत्र्याच्या तुकड्यावर सौर कंदील कलता ठेवला होता. त्याच्या शेजारी, वाऱ्याने सरकू नये म्हणून दोन खड्यांचा आधार देऊन, पोस्टाच्या तिकिटाएवढी काच. लातूरचा मे महिना होता. पत्र्याला बोट लागताच चटका बसला.

सकाळी काचेच्या मधोमध डाळिंबाच्या दाण्याचा रंग होता. आता तिथे फिकट पिवळट छाया उरली होती. कडांचे सील मऊ होऊन ओघळले होते आणि आतला द्रव आटून त्याचा तपकिरी डाग झाला होता.

नांदेडच्या विद्यापीठात, विष्णुपुरीच्या प्रयोगशाळेत, त्याने पीएच.डी.साठी सहा वर्षे अशा काचा, म्हणजे सौर सेल, केल्या होत्या. टायटॅनियमच्या संयुगाच्या नॅनोकणांचा थर काचेवर चढवायचा, तो भट्टीत भाजायचा, मग रंगद्रव्यात बुडवायचा. भट्टी तापत आली की वीज जायची आणि थराला तडे जायचे. वीज निर्माण करणारी काच विजेवाचून अडून राहायची. शेवटी ही एक साधली होती. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली तिने पूर्वीच्या कोणत्याही काचेपेक्षा अधिक वीज दिली. पण तो आकडा प्रबंधात चालणार नव्हता. पुण्यातल्या प्रमाणित दिव्याखाली मोजणी व्हायला हवी होती. तिथली वेळ उद्याची होती, आणि लातूरहून गाडी आज निघणार होती.

त्याने नांदेडला आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"दुसरा सेल?" सरांनी विचारले.

"रंगद्रव्य संपलंय, सर. नवीन यायला दिवाळी उजाडेल."

"मी या महिनाअखेर निवृत्त होतोय, शिवमूर्ती. तुमच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदतही आता वाढणार नाही." मग त्यांनी विचारले, "जेवलात का?"

"जेवतोय, सर."

तुळजाबाई हात पुसत दारात आल्या. किल्लारीच्या भूकंपात शिवमूर्तीचे वडील दगडमातीच्या भिंतीखाली गेले, तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपल्या नव्हत्या. म्हणूनच त्याने गच्चीवरची ही पत्र्याची खोली भाड्याने घेतली होती. भूकंपानंतर शेडमध्ये राहताना कुठल्याशा संस्थेने त्यांना सौर कंदील दिला होता. तो केव्हाच बिघडला, पुढचेही बिघडले. पण रोज सकाळी कंदील उन्हात ठेवायचा, हा नेम त्यांनी देवपूजेसारखा सांभाळला होता.

"बिघडलं का रं काही?" त्यांनी विचारले. "सूर्यावर चालतं म्हनलास तू. मग उनानं कसं बिघडंल?"

एवढ्या उन्हात, एवढा वेळ, तापलेल्या पत्र्यावर ते सील टिकत नाही, हे त्याला सांगता आले असते. क्लासमध्ये तो याहून अवघड गोष्टी सांगत असे.

"न्हाई, माय. झालं चार्ज."

"मग तोंड का उतरलंय?"

"ऊन लागलं जरा."

"टोपी घालून जा म्हनलं तर लाज वाटती साहेबाला." तो आत येऊन बसला तशी त्यांनी त्याच्यापुढे ताट सरकवले. "पुन्याला आजच न्हवं?"

"पुढं ढकललंय."

"बरं झालं. लई पळापळ चाललीय तुझी."

दुपारच्या बॅचपूर्वी क्लास चालवणाऱ्या राघवेंद्र सरांनी त्याला प्रवेशद्वाराशी थांबवले. नव्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता आणि नावाआधी 'डॉ.' छापलेले होते.

"थोडं आगाऊच छापलं. आज ना उद्या होनारच की तुम्ही. पालक हेच बघतात."

"ते काढा, सर."

"राहू द्या हो. कोन विचारतंय?"

शिवमूर्ती वर्गात गेला. त्याने फळा पुसला आणि प्रकाशविद्युत परिणाम शिकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्लासला निघाला, तेव्हा तुळजाबाईंनी कंदील उन्हात ठेवलेला होता. शेजारी ती काचही होती, त्याच दोन खड्यांच्या आधाराने. पाण्याच्या टाकीची सावली सरकत तिच्यापर्यंत आली होती. शिवमूर्तीने पिशवी खाली ठेवली, काच उचलून उन्हात सरकवली, खडे पुन्हा नीट लावले आणि जिना उतरू लागला.