बाराच्या आत

निपाणीच्या हायवेला लागून जो सर्व्हिस रस्ता आहे, त्याच्या कडेला रविवारी सकाळी एक लांबलचक बस उभी होती आणि बसच्या सावलीत पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली तीसेक माणसं. तानीबाई नातीच्या स्कूटीवर मागं बसून बाजारातून येत होती, मांडीवर मेथी-वांग्याची पिशवी. आधी तिला वाटलं, कुणाची तरी मयत असावी. मग त्या पांढऱ्या गर्दीत दोन भगवी चीवरं दिसली आणि तिनं नातीच्या खांद्यावर चापट मारली.

"थांब गं! भंतेजी हाईत."

उपासनानं ब्रेक दाबला. ती निपाणीतच बँकेत अधिकारी होती, इंग्रजी पाण्यासारखं बोलायची. दोन्ही हातांत दोन फोन घेऊन उभ्या असलेल्या गाईडशी ती बोलली आणि परत आली.

"श्रीलंकेची माणसं आहेत, आज्जी. अजिंठा-वेरूळ बघून बंगळुरूला निघालेत, विमान पकडायला. क्लच गेलाय बसचा. पार्ट कोल्हापूरहून येणार. तीन तरी वाजतील."

"आन् जेवण?"

"बेळगावात सांगितलं होतं. बाकीचे कधीही खातील म्हणतो, पण भंतेजी..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. तानीबाईच्या गल्लीत विहार होतं. पावसाळ्यात वर्षावासाला भंतेजी मुक्कामाला आले की त्यांच्या जेवणाची पहिली धावपळ तिचीच असायची. दुपारी बारा वाजून गेले की ते अन्नाचा कण तोंडात घेत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"किती वाजलं?"

"सव्वादहा."

"मग हितं काय बघत उभी ऱ्हायलीस? बोलव समद्यांस्नी. विहारात जेवण करू."

"आज्जी, बत्तीस माणसं आहेत!"

"आगं, आपल्या जयंतीला हजार जेवत्यात. बोलव."

उपासनाच्या डोळ्यांपुढं आधी गल्ली आली. पाण्याच्या पाईपसाठी उकरलेला रस्ता, कोपऱ्यावरचा मातीचा ढीग आणि घराच्या कट्ट्यावर आज्जीचं सूप. तानीबाई एकोणसत्तर वर्षांची होती आणि दहाव्या वर्षापासून विड्या वळत होती. मुलगा प्रशिक हायस्कूलचा हेडमास्तर झाला, घरावर दुसरा मजला चढला, तरी कट्ट्यावर सूप घेऊन बसणं तिनं सोडलं नव्हतं. "हात रिकामं बसत न्हाईत," एवढंच म्हणायची. बँकेतलं कुणी घरी येणार असलं की उपासना ते सूप हळूच आत सरकवायची.

तिनं बाजूला होऊन वडिलांना फोन लावला. "पप्पा, तांदूळ, डाळ, जे असेल ते घेऊन विहारात या, पाहुणे आलेत. आणि आज्जीचं सूप तेवढं आत टाका."

तानीबाईनं ऐकलं. पिशवी काखेला मारून ती चालायला लागली.

हायवेपासून विहार दहा मिनिटांच्या वाटेवर. पुढं स्कूटी ढकलत उपासना, तिच्यामागं दोन भंतेजी आणि मग बाकी तीस जणांची रांग, हे बघून सलूनवाल्यानं अर्धी दाढी सोडून बाहेर डोकावलं. विहाराशी पोचेपर्यंत, प्रशिकचा निरोप मिळून, शेजारच्या राजाबाईनं चुलाण पेटवलंही होतं. विहाराची मोठी पातेली राजाबाईच्याच ताब्यात असायची आणि तिचा आवाज चिकोडीपर्यंत जातो असं गल्लीतली माणसं म्हणायची.

"आक्का, ह्यांस्नी तिखट सोसंल का गं?" तिनं विचारलं.

"परदेशी मानसं. बेतानं घाल," तानीबाई म्हणाली.

म्हणून आमटी फिकट झाली, वांग्याच्या भाजीत निम्मीच चटणी पडली. पावणेअकरा वाजले. मेथी कोण निवडणार, नारळ कोण खवणार, यावर राजाबाई ओरडत असतानाच पाहुण्यांतल्या बायका उठल्या, पदर खोचले आणि कुणी न सांगता येऊन बसल्या. त्यांतल्या एका वाळक्या, पांढऱ्या अंबाड्याच्या म्हातारीनं विळी पुढ्यात ओढली, पाटावर पाय रोवला आणि नारळ खवायला सुरुवात केली. खोबरं कसं पांढरं, बारीक, एकसारखं पडत होतं. सगळ्या बघतच राहिल्या.

"ही कुणाच्या घरची गं?" राजाबाई म्हणाली, आणि हसण्याची लाट पार दारापर्यंत गेली.

त्या म्हातारीचं नाव सोमावती. खवून झाल्यावर तिनं पळीतनं आमटीचा एक थेंब तळहातावर घेऊन चाटला, क्षणभर विचार केला आणि गाईडला काहीतरी सांगितलं. गाईड ओशाळून हसायला लागला. त्यानं उपासनाला सांगितलं, उपासनालाही हसू आवरेना.

"काय म्हणत्यात?" राजाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"राजाआक्का, रागावू नका. त्या विचारतायत, कुणी आजारी आहे का?"

एक क्षण राजाबाईचा चेहरा पडला. तोवर सोमावतीनं टोपलीतल्या हिरव्या मिरच्या ओंजळभर उचलून तिच्यापुढं धरल्या.

"आरं तिच्या! ही तर आपलीच मानसं की!" राजाबाई ओरडली. "आण गं त्यो खलबत्ता!"

त्यानंतर जो ठेचा झाला, त्याच्या वासानं रस्त्यावरची माणसं शिंकायला लागली.

साडेअकराला वंदना सुरू झाली. तानीबाई मागच्या भिंतीला टेकून हात जोडून उभी होती. थोरल्या भंतेजींनी पहिला शब्द उच्चारला आणि तिच्या अंगावर काटा आला. चाल निराळी होती, लांबवत नेलेली, जणू कुणी दुरून हाक मारतंय अशी. पण शब्द तेच. लहानपणापासून तिला पाठ असलेले त्रिशरणाचे, पंचशीलाचे. गल्लीतली माणसं आपल्या चालीत म्हणत होती, पाहुणे त्यांच्या चालीत. कधी हे पुढं जात, कधी ते. एकदा तर गल्लीतली माणसं ओळ संपवून थांबली आणि पाहुणे अजून मधेच होते. दोन्हीकडून दबकं हसू आलं. मग काय झालं कुणास ठाऊक, पुढच्या ओळीपासून सगळे एकमेकांसाठी जरा जरा थांबायला लागले आणि शेवटची ओळ एकदमच संपली.

तानीबाईनं डोळे पुसले. सोमावती तिच्याकडंच बघत होती. तिचेही ओले होते.

अकरा चाळीसला भंतेजींची ताटं वाढली. ते शांतपणे जेवत होते आणि सगळी गल्ली भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. त्यांनी हात धुतला तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. राजाबाईनं असा मोठा सुस्कारा सोडला की धाकटे भंतेजी चक्क हसले.

मग बाकीच्यांची पंगत बसली. पाहुण्यांनी ठेचा दोनदा मागून घेतला. तानीबाई भात वाढत सोमावतीपाशी आली, तेव्हा सोमावतीनं एकदम तिचा हात धरला. तानीबाई भाताची पाटी घेऊन तशीच वाकलेली. सोमावतीनं तिचा अंगठा उलटा करून बघितला, तर्जनीच्या टोकाचा घट्टा चाचपला, दोऱ्यानं पडलेली बारीक चीर बघितली. मग स्वतःचा हात शेजारी धरला. तोच घट्टा, तीच चीर.

"बीडी?" सोमावतीनं विचारलं.

"व्हय बाई! विडी! तूबी?"

"बीडी, बीडी!" सोमावती मान हलवत म्हणाली, आणि मग छातीवर हात ठेवून तानीबाईला म्हणाली, "अक्का."

तानीबाई थबकली. "उपा, ही मला आक्का म्हणती? हिला कुणी शिकिवलं?"

उपासनानं गाईडला विचारलं. "कुणीच नाही, आज्जी. त्यांच्याकडं पण थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात."

तानीबाईनं भाताची पाटी राजाबाईच्या हातात दिली आणि सोमावतीच्या पंगतीतच फतकल मारून बसली. दोघींनी एका ताटात जेवण केलं.

जेवण होताच ती सोमावतीला हाताला धरून घरी घेऊन आली. कट्टा रिकामा, झाडून स्वच्छ केलेला. तानीबाई आत गेली, पलंगाखाली सारलेलं सूप ओढून बाहेर आणलं, भिजवून कापून ठेवलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. सोमावतीनं पान बोटांत धरून उजेडाकडं केलं, हुंगलं आणि खुदकन हसली.

मग दोघी वळायला बसल्या. बातमी कळली तशी माणसं जमली. पाहुणे कट्ट्याभोवती, गल्लीतल्या बायका पायऱ्यांवर, पोरं पाईपसाठी काढलेल्या मातीच्या ढिगावर. सोमावती दोरा उलट्या बाजूनं गुंडाळायची, पण बोटं तितकीच चपळ. कुणीतरी मोजायला लागलं. मोजणी आधी मराठीत सुरू झाली, मग सिंहलीत, मग दोन्ही एकदम.

उपासना चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा सूप दारात उघड्यावर, सगळ्यांच्या मधोमध होतं. ती उंबऱ्यातच थांबली.

तानीबाईनं मान वर न करता म्हटलं, "उपा, तिला इचार की, तिच्या घरी सूप कुठं ठेवत्यात?"

उपासनाचे कान तापले. तरी तिनं विचारलं. गाईडनं सोमावतीला विचारलं. सोमावतीनं बोटं न थांबवता उत्तर दिलं आणि उपासनानं ते तसंच सांगितलं, "दारात. उजेड तिथंच असतो म्हणतात." गाईड आणखी बोलत होता, तेही ती सांगत गेली. "तीस वर्षं वळल्या. तीन मुलं शिकवली. धाकटी नर्स आहे. ह्या यात्रेला तिनंच पाठवलंय. मैत्रिणी आल्या की ती त्यांना मुद्दाम आईजवळ बसवते, आईचे हात बघा म्हणते."

तानीबाईनं पुढचं पान उचललं. उपासनानं ट्रे खाली ठेवला. ती दोघींच्या मधे कट्ट्यावर बसली, आज्जीच्या खांद्याला खांदा लावून, आणि गाईडच्या हातात आपला मोबाईल दिला.

"फोटो काढा. सूप नीट येऊ द्या."

पंचविसाची जुडी सोमावतीची आधी झाली. फक्त एका विडीनं. तानीबाई म्हणाली, "माझी पानं वाळली हुती," आणि राजाबाई म्हणाली, "आक्का, पानं एकाच सुपातली हाईत की," आणि तिचा मुद्दा कुणी सिंहलीत सांगायच्या आधीच सगळे पाहुणे हसले.

साडेतीनला बस दुरुस्त झाल्याचा फोन आला. हायवेपर्यंत सोडायला जवळजवळ सगळी गल्ली गेली. सोमावतीनं तानीबाईचे दोन्ही हात कपाळाला लावले, पायरीवर चढली, परत उतरली आणि हातवारे करून बरंच काही बोलली. शब्द कळायची गरजच पडली नाही.

"येतो की!" तानीबाई म्हणाली. "तू विळी घासून ठेव."

बस दिसेनाशी झाली तरी ती हात हलवत होती. परतताना अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "उपा, तिकडं जायला काय काय लागतंय?"

"पासपोर्ट लागतो आधी."

"मग काढ की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेतनं आल्यावर उपासनानं वरच्या मजल्यावर आज्जीला शेजारी बसवून लॅपटॉप उघडला. जन्मतारखेपाशी गाडी अडली, कारण तानीबाईच्या म्हणण्याप्रमाणे ती ज्वारीच्या सुगीत जन्मली होती. आधार कार्डावरनं तो प्रश्न सुटला. तेवढ्यात राजाबाई दारात उभी. तिच्यामागं पलीकडची बाळाबाई, आणि बाळाबाईच्या मागं मनुबाई. तिघींच्या हातांत आधार कार्डं.

"आमचंबी भर," राजाबाई म्हणाली. "आक्का एकटी गेली तर तिकडं फिकी आमटी खाऊन येईल."

"पण विमानात खिडकीला मी बसणार," बाळाबाईनं आधीच सांगून टाकलं.

"तू? यस्टीत बसलीस तर संकेश्वरपातूर तुला वांती हुती!"

चौघींचा आवाज चढत गेला. प्रशिकनं खालून हाक मारून विचारलं, काय झालं. उपासनानं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं चौथा फॉर्म उघडला आणि मनुबाईला सरळ बसायला सांगितलं, फोटोसाठी.